भुई वर आणली

सत्यवतीबाईंना वात झाला आहे, असं दिवाकररावांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दिवाकरराव त्यांचे चिरंजीव, जबलपूरच्या कचेरीत हेडक्लार्क. तेव्हा जबलपूर मध्यप्रांतात होतं, आणि नागपूरहून साहेबाचा हुकूम आला की तो जसाच्या तसा खाली पोचवायचा, मधे आपली अक्कल घालायची नाही, एवढ्या एका नियमावर दिवाकररावांची नोकरी सुरळीत चालली होती. नेपियर टाउनच्या चिंतामणी डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की आईंच्या छातीतली गाठ मणक्यात उतरली आहे, कापून उपयोग नाही, फार तर हा हिवाळा निघेल. आणि जाता जाता म्हणाले, "त्यांना हे सांगू नका, हाय खातील." दिवाकररावांनी हासुद्धा हुकूमच समजला. बायकोला तेवढं सांगितलं, कारण शुश्रूषा तिलाच करायची होती, आणि सांगण्याआधी देवघरापुढे उभं करून तिच्याकडून शपथ घेतली.

ही बायको म्हणजे विनता. अंगानं बारकी, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की मागे हटणारी नव्हे. सासूचं आणि तिचं चांगलं जमायचं. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात राहून दोघींनी एकमेकींचं डोकं खाल्लं नव्हतं, यावरून काय ते ओळखा.

शपथ घेतली खरी, पण खोट्याच्या मागे कामं लागतात. वात म्हटल्यावर दीक्षितपुऱ्यातल्या यच्चयावत मराठी बायका औषधं घेऊन आल्या. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल. आणि सगळ्यांचा सल्ला एकच, की चांगलं रगडून चोळा, वात कसा पळत नाही ते बघू. आता याला नाही कसं म्हणायचं? वात सांगितला ना तुम्हीच? म्हणून रोज सकाळी विनता सासूला कुशीवर वळवायची आणि पाठीला तेल लावायची. वळवतानाच सत्यवतीबाईंच्या तोंडून असा आवाज निघायचा की विनताचा हात आपोआप हलका पडायचा. सत्यवतीबाई मग उशीत तोंड खुपसून घ्यायच्या, म्हणजे आवाज बाहेर बसलेल्या बायकांना ऐकू जाऊ नये.

एका सकाळी त्यांनी मागे हात नेऊन विनताचं मनगट धरलं.

"हे तेल तू काहून लावून राहिली?"

"वातावर बरं असते म्हणतात, आत्याबाई."

"मग जोर काहून नाही लावत? ह्या हातानं तू गोधड्या धुतल्या, पुरण वाटलं. अन् माझ्या पाठीवर असा हात फिरवून राहिली, जशी मी तान्ही पोर आहे. वात असता तर रगडलं असतं तू. खरं सांग, काय झालं मला?"

विनताला देवघर आठवलं. शपथ मोडली तर देव तिचं काय करायचं ते करील, ते पुढचं पुढे. पण हे माणूस इथे, तिचं मनगट धरून, विचारतं आहे. तिनं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि सांगितलं. गाठ, मणका, हिवाळा, सगळं. रडली नाही. रडायचं ते तिचं पडवीत बसून रडून झालं होतं.

सत्यवतीबाईंनी तेलाच्या वाटीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ते तेल आधी उचल इथून. वास नको त्याचा." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं बाई सांगितलं. मला वाटून राहिलं होतं मीच नाजूक झाले. एवढ्याशा वाताला ओरडते म्हणून माझी मलाच लाज वाटत होती."

हे ऐकल्यावर मात्र विनताला रडू आलं.

"रडू नको. मरायचं मला भ्या नाही. मला खाली काढतील ना, त्याचं भ्या वाटते."

खाली काढणं म्हणजे काय ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जाणाऱ्या माणसानं खाटेवर जायचं नाही. शेवट जवळ आला की भुई शेणानं सारवायची, दर्भ पसरायचे आणि माणसाला खाटेवरून उचलून भुईवर घ्यायचं. खाटेवर गेला तर तो अधांतरी गेला, आणि मागच्यांना प्रायश्चित्त. यात आणखी एक गोम होती. एकदा खाली काढलेल्या माणसाला पुन्हा वर घेत नाहीत. सत्यवतीबाईंच्या यजमानांना असंच पौषातल्या थंडीत खाली काढलं होतं. नाडी लागत नाही म्हणून त्यांच्या चुलतभावानं, पुंडलिककाकांनी, हुकूम सोडला, चौघांनी उचललं आणि दगडी फरशीवर ठेवलं. तासाभरानं यजमानांनी डोळे उघडले, चहा मागितला, आणि म्हणाले, मला वर घ्या, गारठलोय. कुणी घेतलं नाही. ते तिथेच पडून राहिले, तिसऱ्या दिवशी गेले. दुखण्यानं गेले की थंडीनं, हे कुणी विचारलं नाही. विनता तेव्हा नवी नवरी होती. दाराआडून ऐकलेलं ते "मला वर घ्या" अजून तिच्या कानात होतं.

"माझ्या पाठीचा तुकडा पडेल उचलताना," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मला खाली काढू देऊ नको."

"नाही काढू देणार."

"अन् खाटेवरही जाऊ देऊ नको. दिवाकर जन्मभर झुरत बसेल, की आई अधांतरी राहिली. मलाही भुई पाहिजेच, विनता. मी काही मडम नाही."

विनतानं यालाही हो म्हटलं. दोन्ही कसं जमवायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण शब्द देऊन बसली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. दिवाकररावांचा आवाज एरवी कचेरीबाहेर कधी चढायचा नाही, त्या दिवशी गल्लीत ऐकू गेला.

"शपथ मोडली तू?"

"मोडली."

"आईला जिवंतपणी मारलं तू, कळते का?"

"मी जिवंत आहे अजून," आतून आवाज आला. "दिवाकर, आत ये."

दिवाकरराव आत गेले आणि आईच्या उशाशी बसून रडले. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडणं ओसरल्यावर म्हणाली, "माझं काय करायचं ते तू बाहेरच्या बाहेर ठरवून राहिला होता. आता जे विचारायचं ते मला विचारत जा. मी इथेच आहे ना?" दिवाकररावांनी मान हलवली. हा हुकूम त्यांना आजवरच्या सगळ्या हुकमांत जड गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा सत्यवतीबाईंनी त्यांना खुर्ची द्यायला लावली आणि सरळ विचारलं, "तुमच्यापाशी माझ्यासाठी काय उरलं ते सांगा."

डॉक्टरांनी दिवाकररावांकडे पाहिलं.

"तिकडे काय बघून राहिले? पाठ माझी आहे."

डॉक्टर चांगला माणूस होता, फक्त त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं खुर्ची खाटेजवळ ओढली. "मॉर्फियाची सुई आहे. दुखणं दबेल. पण गुंगी येईल, आणि मात्रा वाढवत गेलं की श्वास मंद होईल. म्हणून मी हात आखडत होतो."

"म्हणून, की मला सांगावं लागलं असतं म्हणून?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले, आणि हे बोलल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

"रात्री देत जा. दिवसा मला जागं राहू द्या, कामं आहेत."

"कोणती कामं?"

"ते ठरायचं आहे अजून."

विनतानं दारातून विचारलं, "डॉक्टरसाहेब, यांना उचललं तर?"

"उचलायचं नाव काढू नका. मणका मोडेल. हलवायचंच झालं तर चादरीसकट आडवं सरकवा, एका पातळीत. वर नाही, खाली नाही."

एका पातळीत. विनता दिवसभर हाच शब्द घोळवत होती. दुपारी ती चूल सारवायला बसली, बसली म्हणजे उभीच राहिली. कारण ही चूल भुईवर नव्हती. कंबर वाकत नाही म्हणून सत्यवतीबाईंनी पूर्वी कधी तरी ती मातीच्या ओट्यावर घेतली होती. तेव्हा सगळी गल्ली हसली होती, की बघा, उभ्यानं भाकरी थापते. पुढे त्याच हसणाऱ्यांच्या घरी सत्यवतीबाईंनीच ओटे घालून दिले, तो भाग निराळा. विनताचा सारवणाचा हात मधेच थांबला. ती तशाच शेणामातीच्या हातांनी खाटेपाशी गेली.

"आत्याबाई, चूल वर घेतली तशी भुई वर घेता येईल का? खाटेएवढी?"

सत्यवतीबाई कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"खाटेची उंची मोज," त्या म्हणाल्या.

पण ओट्याला भुई म्हणायचं की नाही? घरचे भटजी रामकृष्णभट यांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "मला ठाऊक नाही. असं कुणी विचारलं नव्हतं. उद्या सांगतो." ज्याला ठाऊक नाही आणि जो तसं म्हणतो, असा भटजी मिळायला भाग्य लागतं. दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले. "लाकूड नको, वीट नको, आत पोकळी नको. नुसती भरीव माती, आणि ती खालच्या मातीला लागलेली पाहिजे. मग तिला भुई म्हणायला माझी हरकत नाही." मग त्यांनी पायाखाली पाहिलं. "ही फरशी मधे येऊन राहिली. ही काढा. आजवर आपण सगळ्यांना दगडावरच काढत आलो, अन् ते कोणालाच खटकलं नाही. मलाही नाही."

बातमी गढ्याच्या वस्तीत राहणाऱ्या पुंडलिककाकांच्या कानावर गेली आणि ते टांगा करून आले. काका बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, हातात काठी. घरातल्या लग्नामुंजींत आणि मयतांत शेवटचा शब्द त्यांचा.

"काय ऐकून राहिलो मी? मरणाचा ओटा? जिवंतपणी? अहो, ओट्यावर देव बसवतात, नाही तर दुकान मांडतात!"

"भाऊजी, बसा," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"मरणाची अशी आधीपासून तयारी करणं अशुभ आहे, वहिनी."

"अच्छा? मग तुम्ही काशीहून गंगाजलाची तोंड झाळलेली लोटी आणून कपाटात ठेवली आहे, ती कोणाच्या बारशासाठी?"

काकांच्या मिशा हलल्या. "वेळ आली की मी स्वतः उभा राहून रीतीप्रमाणे करीन," असं विनताकडे बघून बोलले आणि काठी आपटत निघून गेले. विनताला ठाऊक होतं, काका बोलले म्हणजे करणार.

तरी काम सुरू झालं. माती आणायची कामगिरी दिवाकररावांची. ते भल्या पहाटे ग्वारीघाटाला गेले आणि नर्मदामाईच्या काठची रेती गाडीभर घेऊन आले. आईसाठी यापेक्षा पवित्र काय असणार! सत्यवतीबाईंनी मूठभर रेती हातात घेतली, दाबली, सोडली. ती बोटांतून गळून गेली.

"पवित्र आहे रे, पण उभी राहत नाही. मी बसले की खचेल अन् मी नर्मदेत जाईन. महाराजपुराकडची पिवळी माती आण. अन् कुटार आण बारीक. ही रेती राहू दे, मूठमूठ घालू त्यात."

पिवळी माती आली, तिच्यात कालवायला कुटार, म्हणजे गव्हाचा भुसाही आला. मग फरशी काढायची वेळ आली. गडी पहार घेऊन उभा होता. दिवाकररावांनी ती त्याच्या हातून घेतली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात लेखणीखेरीज काही उचललं नाही, त्यानं खाटेशेजारच्या फरशीच्या सांधीत पहार घातली आणि सगळं वजन टाकलं. ह्याच फरशीवर त्यांचे वडील गेले होते. दगड उचकटला, खालून ओली काळी माती दिसली, तिचा वास खोलीभर पसरला. दिवाकररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. ते रडत रडतच पुढचा दगड काढायला वळले.

मग ओटा चढायला लागला. आणि सत्यवतीबाई! त्यांना खाटेवरून मान वळवायची तेवढी मुभा, पण दिवसभर त्यांचं तोंड बंद नव्हतं. चिखल अजून तुडव. कुटार एकाच जागी टाकून राहिली, फेक सगळीकडे. कोपरे गोल ठेव, माझ्या पायाला लागतील. एका थरावर दुसरा थर घाई करून चढवू नको, पोटात ओल राहते. रात्री सुई घेऊन त्या शांत झोपायच्या, सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "काल किती झाला?" विनता घोट्यापर्यंत चिखलात, दिवाकरराव धोतर खोचून. शेजारच्या बायका आधी तोंडाला पदर लावून बघत होत्या, मग एकेक करून आत आल्या आणि चिखल तुडवायला लागल्या. सत्यवतीबाईंनी ज्यांचे ओटे घातले होते त्या सगळ्या आल्या. घरात मरण येऊ घातलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी त्या खोलीत इतका हशा कित्येक वर्षांत झाला नव्हता.

ओटा खाटेला भिडला आणि सत्यवतीबाई खालावल्या. अन्न सुटलं. थंडीत माती वाळेना. विनतानं तिन्ही बाजूंना शेगड्या पेटवून ठेवल्या, दिवाकरराव कचेरीतून आले की पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. सत्यवतीबाई रोज खाटेच्या कडेनं हात बाहेर काढून ओट्यावर तळवा ठेवायच्या.

"गार आहे अजून. ओल आहे पोटात."

"आत्याबाई, तुम्ही थांबाल ना?"

"मी घातलेला ओटा वाळायच्या आधी मी आजवर कुठून उठले नाही."

असं म्हणाल्या खऱ्या, पण एका दुपारी त्यांची मान कलली. विनतानं हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारच्या बाईनं गल्लीत आरोळी दिली, कुणी तरी गढ्याला धावलं आणि तासाभरात पुंडलिककाका दारात. बरोबर तिघं दणकट माणसं.

"दिवाकर, शेण आण. भुई सारव त्या बाजूला," काका म्हणाले. "वेळ भरली."

काकांचा हुकूम म्हणजे दिवाकररावांच्या रक्तातला हुकूम. त्यांचा पाय उचललासुद्धा. पण तेवढ्यात विनता खाटेच्या आणि त्या माणसांच्या मधे येऊन उभी राहिली.

"हात लावायचा नाही, काका."

"सूनबाई, बाजूला हो. ही बायकांनी बोलायची वेळ नाही."

"मामंजींच्या वेळी मी गप्प होते. ते वर घ्या, वर घ्या म्हणत होते, आपण सगळे ऐकत होतो. आपण कोणी घेतलं नाही. आता ज्यांचा देह आहे त्यांना विचारा, अन् त्या हो म्हणतील तर उचला."

"बेशुद्ध माणसाला काय विचारू?"

"विचारून तर बघा!"

काकांनी काठी भिंतीला टेकवली. "मामंजी" म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला होता. मग तो हट्टी म्हातारा खरोखर पुढे झाला, खाटेवर वाकला आणि आजवर कधी काढला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्हाला खाली घेऊ का?"

सत्यवतीबाईंचे ओठ हलले. डोळे उघडले नाहीत, पण उजवा हात खाटेच्या कडेवरून बाहेर आला, चाचपडत ओट्यावर टेकला.

"नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ओला आहे अजून."

शेजारची बाई फिसकन हसली आणि लगेच रडायला लागली. दिवाकरराव आईच्या पायाशी मटकन बसले. काठी उचलून काका आपल्या माणसांना घेऊन निघून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच परत आले. काखेत ओव्हरसियरच्या वेळची जुनी लाकडी पेटी. कुणाला काही न विचारता त्यांनी पेटीतून पाणसळ काढली, खाट आणि ओटा दोन्हींवर आडवी ठेवली आणि डोळा बारीक करून आतल्या बुडबुड्याकडे पाहिलं.

"डाव्या अंगाला बोटभर उतार आहे," ते म्हणाले. "माती शिल्लक आहे का?"

विनतानं मातीचं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं. काकांनी बाह्या सारल्या.

ओटा वाळला त्या दिवशी सत्यवतीबाईंनी तळवा ठेवला, बोटांनी टकटक केलं, आणि म्हणाल्या, "चला." वर चुन्यासारख्या पांढऱ्या छुईमातीचा हात फिरवलेला, त्यावर दर्भ, दर्भावर विनतानं घातलेली मऊ गोधडी. रामकृष्णभटांनी गोधडीला हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी आधी सुई दिली. मग चादरीचं एक टोक दिवाकररावांनी धरलं, एक डॉक्टरांनी, पायाकडची दोन विनतानं आणि पुंडलिककाकांनी. काका म्हणाले, "हळू. एका पातळीत." आणि सत्यवतीबाई खाटेवरून भुईवर आल्या. वर नाही, खाली नाही. तोंडातून हूं की चूं नाही. विनता त्यांच्या चेहऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. कपाळावर एक आठी पडली नाही.

"झालं?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"झालं, आत्याबाई."

"मग ही खाट काढा इथून. जागा अडवून राहिली."

खाट निघाली. त्या आता भुईवर होत्या, आणि तरी खिडकीतून त्यांना अंगणातली तुळस दिसत होती, कारण खिडकी त्यांच्या बरोबरीनं होती. त्या ओट्यावर त्या आठवडाभर राहिल्या आणि राणीसारख्या राहिल्या. माणसं भेटायला यायची, आणि कुणीही त्यांना वात आहे म्हणायचं नाही. ज्याला रडायचं तो रडायचा, ज्याला माफी मागायची तो मागायचा. एका माणसाला त्यांनी सांगितलं की तुझ्या बायकोची चूल वर घे, तिची कंबर गेली आहे. आता खाली काढायचं का म्हणून सारखं ताटकळणं नव्हतं, नाडी धरून बसणं नव्हतं. काढायचं होतं तिथे त्या आधीच पोचल्या होत्या.

एका दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि ओटाभर पसरलं. सत्यवतीबाईंनी दिवाकररावांच्या हातून नर्मदेचं पाणी घेतलं, तुळशीचं पान जिभेवर घेतलं. मग तळवा गोधडीखाली सारून मातीवर ठेवला.

"विनता," त्या म्हणाल्या, "भुई ऊन आहे गं."

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, आणि ऊन खिडकीतून निघायच्या आत गेल्या. कुणाला उचलावं लागलं नाही, धावावं लागलं नाही. दिवाकररावांचा हात त्यांच्या कपाळावर होता आणि विनताचा त्यांच्या हातावर. विनताला दुःख झालं, आई गेल्यावर होतं तेवढं झालं. पण त्या दुःखाच्या आत तिला आपलं माणूस जिंकल्याचा असा आनंद होत होता की तिला वाटलं, अंगणात जाऊन ओरडून सांगावं. दिलेले दोन्ही शब्द तिनं पाळले होते.

चौदावा झाला, पाहुणे पांगले. दिवाकररावांनी ओटा फोडून फरशी परत बसवायची म्हणून पहार आणली, ओट्यावर एकदा तळवा ठेवला आणि पहार जागेवर ठेवून आले. विनता खोलीत गेली तेव्हा ओट्यावर पुंडलिककाका एकटेच बसलेले. एका हातानं माती थोपटून बघत होते.

"सूनबाई," ते खाकरले, "ही पिवळी माती महाराजपुरात नेमकी कुठून आणली होती?"

विनता त्यांच्यासमोर खाली बसली. "काका, तुमच्या वेळी तुम्हाला काय काय पाहिजे, ते आता निवांत सांगा. मी ऐकून घेते, अन् तसंच करू."

काकांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग मिशीवरून हात फिरवला आणि पुढे वाकले.

"पहिलं म्हणजे," ते म्हणाले, "मला वात झाला आहे असं कोणी सांगायचं नाही."